पाटीचे एकतीस तुकडे

आनंदाबाईंनी पुलगावच्या टाकीजमध्ये दोन वेळा पडद्याकडे पाहिलं आणि दोन्ही वेळा सांगितलं, "हा माहा पोरगा नाई."

हे झालंच नाही असं आपण धरून चालू. मी तसंच धरून चाललो आहे आणि मला काही त्रास नाही. ट्रेलर उत्तम झालं, लोकांनी शिट्ट्या मारल्या, अण्णाजी सरांनी कॉलेजच्या वार्षिक अहवालात त्यावर तीन ओळी लिहिल्या. त्या तीन ओळींत आनंदाबाई नाहीत. म्हणजे झालंच नाही.

आता जे झालं ते सांगतो.

आमच्या वर्ध्याच्या कॉलेजात एक सोळा मिलिमीटरचा कॅमेरा होता. कुठल्याशा सरकारी खात्याने जुनं सामान लिलावात काढलं तेव्हा अण्णाजी सर कपाट घ्यायला गेले होते. कपाट आलं, उघडलं, आत कॅमेरा. सर भूगोल शिकवायचे, त्यामुळे सिनेमा हा विषय आमच्याकडे भूगोलाखाली आला.

प्रेमदास हिंगणीचा. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला माझ्या बाकावर बसायचा. एकोणऐंशीच्या जानेवारीत तो मला म्हणाला, "रूप्या, पिच्चर काढू."

"कायच्यावर?"

"वाघावर."

"वाघ तुहा बाप आणंल?"

त्याने दोन दिवस विचार केला आणि पिच्चरचं नाव ठेवलं 'वाघ येऊन गेला'. पिच्चर सुरू होतो तेव्हा वाघ नुकताच गेलेला असतो आणि सगळं गाव दीड तास त्याबद्दल बोलतं. आमच्याकडे आवाज घ्यायचं यंत्र नव्हतं, त्यामुळे गाव दीड तास मुक्यानेच बोलणार होतं. शिवाय फिल्म होती बावीस मिनिटांची. तीही मुदत संपलेली. या गोष्टी प्रेमदासने मनावर घेतल्या नाहीत.

त्याने कुठेतरी वाचलं होतं की प्रत्येक शॉटच्या आधी पाटी वाजवतात. चित्र आणि आवाज जुळवायला वाजवतात. आमच्याकडे आवाज नव्हता, पण पाटी होती, म्हणून तो वाजवायचा. मी कॅमेऱ्याचा खटका दाबायचो, तो समोर जाऊन उभा राहायचा, शाळेच्या पाटीवर लाकडी फूटपट्टी हाणायचा आणि पळत येऊन माझ्या हातातून कॅमेरा घ्यायचा. "सरक बे!" दिग्दर्शन म्हणून मी त्याच्या तोंडून एवढंच ऐकलं.

फेब्रुवारीत बोर धरणाच्या बाजूला दोन दिवस शूटिंग झालं. एकतीस शॉट. फिल्म धुवायला मुंबईला पार्सलने पाठवली. मग प्रेमदासला कावीळ झाली आणि आठव्या दिवशी तो गेला.

पार्सल परत आलं त्या दिवशी त्याची तेरवी होती. आम्ही हिंगणीला जेवलो. वरण, भात, वांग्याची भाजी, बुंदी. मग एसटीने वर्ध्याला येऊन पोस्टातून पार्सल सोडवलं. बुंदी चांगली होती. त्या दिवसातलं मला एवढंच नक्की आठवतं.

अण्णाजी सरांनी पिच्चरचं नाव आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. ते म्हणाले, "पिच्चर होत नसेल तर ट्रेलर करू."

"सर, ट्रेलर पिच्चरचं असतं."

"झलक दाखवायची असते, रूपराव. पुढे सगळं दाखवलंच पाहिजे असं कुठे लिहिलंय?"

कुठेच लिहिलेलं नव्हतं. कॅमेऱ्यासोबत एक पुस्तिका आली होती, तिच्यातही नव्हतं. पुलगावच्या टाकीजचे बाबाराव माझ्या गावचे, नाचणगावचे. ते म्हणाले, दुपारच्या खेळात मधल्या सुट्टीनंतर दाखवून टाका, लोक तसेही तेव्हा भजे खात असतात.

मी नकाशांच्या खोलीत बसलो. कात्री, ब्लेड, फिल्म चिकटवायची बाटली, नकाशातली बारीक गावं वाचायचं भिंग, आणि कापलेली फिल्म ठेवायला धोतराचं फडकं घातलेलं टोपलं. पुस्तिकेतली पहिली सूचना अशी होती: पाटीचे तुकडे सर्वप्रथम कापून वेगळे करावेत. मी आज्ञाधारक आहे. एकतीस तुकडे कापले. एकेक तुकडा हातभर लांब. प्रत्येक तुकड्यात प्रेमदास उभा होता, पाटी घेऊन. बाकीच्या फिल्ममध्ये तो कुठेच नव्हता, कारण बाकीच्या वेळी तो कॅमेऱ्यामागे होता. हे मला तेव्हा कळलं नाही असं मी लिहिणार होतो. कळलं होतं. पण त्याबद्दल पुस्तिकेत काही नव्हतं.

उरलेल्या फिल्ममध्ये झाडं होती आणि झाडांकडे बोटं दाखवणारी माणसं होती. त्यातलं दीड मिनिट मी जोडलं.

पोस्टरसाठी चिंधू पेंटर बोलावला. तो एरवी भिंतींवर खताच्या जाहिराती रंगवायचा.

"हिरो कोन हाय?" त्याने विचारलं.

"हिरो नाही."

"हिरोईन?"

"नाही."

"वाघ तरी?"

"येऊन गेला."

चिंधूने ब्रश कानावर ठेवला. "मंग मी काय काढू भाऊ, त्याचा पत्ता?"

शेवटी त्याने वाघ मागून काढला. चाललेला. पाठ, शेपूट आणि मागचे दोन पाय. हाताला सवय होती म्हणून वाघाच्या पायाखाली भरघोस कपाशी आली. खाली लाल अक्षरात 'लवकरच'.

"कोनत्या तारखेले?"

"तुम्ही लवकरच लिहा, चिंधूभाऊ."

"लिवलं. पन कडेनं लय उघडं दिसून राह्यलं." त्याची नजर टोपल्याकडे गेली. "हे फेकाचंच हाय ना?"

मी हो म्हणालो. तो एक शब्द मी बराच वेळ नंतर तपासून पाहिला. बरोबर होता. पुस्तिकेप्रमाणे ते फेकायचंच होतं.

चिंधूने एकतीस तुकडे पोस्टरच्या चारी कडांना टाचण्या ठोकून लावले. खरोखरची फिल्म, खरोखरची झालर. उन्हाने खराब होऊ नये म्हणून दोन्ही बाजूंनी व्हार्निश मारलं. पोस्टर पुलगाव स्टेशनच्या रस्त्यावर उभं राहिलं. कॉलेजातली पोरं म्हणाली, वा.

प्रचाराचा टांगा मी स्वतः फिरवला. गुलाबी कागदाची पत्रकं आणि भोंगा. "येत आहे, येत आहे! वाघ येऊन गेला!" नाचणगावात बायांनी वासरं घरात घेतली. दुसऱ्या दिवशी जंगू नावाचा वनरक्षक सायकल मारत माझ्या घरी आला.

"गेला म्हनता, तं कोनतीकडे गेला?"

मी त्याला पत्रक दिलं. त्याने ते उभं वाचलं, आडवं वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि अहवालाला जोडतो म्हणाला.

असे वीस दिवस गेले. मग आनंदाबाई आल्या. प्रेमदासची आई. नकाशांच्या खोलीच्या दारात चपला काढल्या आणि पिशवीतून एक फोटोची फ्रेम काढली. नवी, सेलूच्या बाजारातली. आत काच, काचेमागे पुठ्ठा.

"रूपराव, याच्यात घालाले फोटो पायजे होता."

"घरी नाही का, मावशी?"

"एकबी नाई. जत्रेत फोटोवाला बोलावे तं म्हने, थांब माय, मी सोताच मशीन आनतो. आनली मशीन. साऱ्या गावाचे फोटो काढले." त्यांनी फ्रेम टेबलावर उभी केली. "वर्सश्राद्धाले लोकं येतीन. हार कोनाले घालू? काचीले घालू?"

कॉलेजच्या ओळखपत्रावर फोटोच्या चौकोनात नुसता शिक्का होता. त्या वर्षी सगळ्यांच्याच.

"आहे," मी म्हणालो. "एकतीस आहेत."

पुलगावला जाऊन पोस्टर पाहिलं. एप्रिलचं ऊन होतं. तुकडे वाळलेल्या मिरच्यांसारखे वळले होते. काहींत टाचणी बरोबर तोंडातून गेली होती. खालच्या कडेचे बकरीने खाल्ले होते. तीस गेले. एक नीट निघाला, वरच्या कोपऱ्यातला. त्यात प्रेमदासने पाटी उलटी धरली होती, लिहिलेली बाजू स्वतःकडे. शॉटचा आकडा कोणता ते फक्त त्याला माहीत.

तानबा फोटोवाल्याने तुकडा उजेडात धरला. "फोटो होईन. पन तोंड उडदाच्या दान्याएवढं हाय. बाईले पहिले पडद्यावर दावा, तिनं हो म्हनलं का मी वाढवून देतो."

"तिचाच मुलगा आहे, तानबाभाऊ."

"मागच्या खेपेले एकाले दुसऱ्याचाच बाप वाढवून देल्ला. त्यानं तेरा महिने हार घातला. म्या आता खात्री करूनच हात लावतो."

तेव्हा हा तुकडा ट्रेलरच्या शेवटी जोडायचा आणि आनंदाबाईंना टाकीजमध्ये बसवायचं असं ठरलं. फिल्मला दोन बाजू असतात. एक गुळगुळीत, एक लेपाची. कोणती कोणती ते ओल्या ओठाला लावून ओळखतात. लेपाची बाजू चिकटते. चिंधूचं व्हार्निश दोन्ही बाजूंनी होतं. टरपेंटाइनने पुसलं, ओठाला लावलं, दोन्ही बाजू सारख्याच चिकटल्या. पाटीवर अक्षर असतं तर वाचून कळलं असतं. मागे झाडं होती, झाडांना डावंउजवं नसतं. मी एक बाजू धरली आणि चिकटवली. प्रेमदासचे हात पाहिले नाहीत. मी सांधा पाहत होतो.

टाकीजच्या मशीनला आमची बारीक पट्टी चालत नव्हती, म्हणून कॉलेजचं मशीन मधल्या रांगेत टेबलावर ठेवलं. शेजारच्या खुर्चीत आनंदाबाई, मांडीवर फ्रेम. झाडं झाली. बोटं झाली. एक म्हातारा उगाचच पळाला, त्यावर शिट्ट्या पडल्या. मग प्रेमदास आला. पाटी, फूटपट्टी, एक ठोका, आणि पळाला. तीन सेकंद.

"हा माहा पोरगा नाई," आनंदाबाई म्हणाल्या.

"मावशी, नीट पाहा."

"नीटच पाह्यलं. माह्याचा भांग इकडून." त्यांनी स्वतःच्या डोक्यावर बोट ओढून दाखवलं. "अन् तो डाव्या हातानं मारे. मास्तरनं शाळेत त्याचा डावा हात बांधून ठेवलता, तरी डाव्यानंच लिवे. हा उजव्या हाताचा कोनाचा हाय?"

मागून कोणीतरी ओरडलं, "ओ बाई, खाली बसा, पिच्चर चालू झाला!" मग मोठा पिच्चर सुरू झाला आणि त्यांच्या खुर्चीसमोर नाच सुरू झाला.

तुकडा उलटा लागला होता. मी तो बाहेर ओट्यावर बसून सोडवला, पालटला, पुन्हा चिकटवला. आनंदाबाईंना सांगितलं, उद्या येजा मावशी, चूक माझी होती.

दुसऱ्या दिवशी त्या हिंगणीहून दोन एसट्या बदलून पुन्हा आल्या. आज मी पडदा पाहिला नाही, त्यांना पाहिलं. प्रेमदासने डाव्या हाताने पाटीवर हाणलं. भांग योग्य बाजूने होता. आनंदाबाई पुढे वाकल्या. त्यांचा हात फ्रेमवरून उचलला गेला आणि हवेत थोडा वेळ राहिला. मग परत फ्रेमवर आला.

"काल इकडून भांग, आज तिकडून," त्या म्हणाल्या. "काल उजवा हात, आज डावा. म्हंजे तुमी त्याले पायजे तसा फिरवता."

"तोच आहे मावशी. खटका मीच दाबला होता. मी समोर होतो."

"माहा कोनाच्या फिरवल्यानं फिरे नाई. बापाच्याबी नाई, मास्तरच्याबी नाई. असा एका रात्रीत फिरनारा माहा नाई."

रागावल्या नव्हत्या. तानबा दारात उभा होता. त्याने भुवया उडवल्या, काढू का म्हणून. आनंदाबाईंनी नको म्हणून मान हलवली. पदराने काच पुसली, फ्रेम पिशवीत घातली आणि सेलूची गाडी किती वाजता म्हणून मला विचारलं. मी सांगितलं. साडेचारची. स्टॅंडवर मी त्यांच्यासोबत उभा राहिलो. गाडी वेळेवर आली, हे त्यातल्या त्यात नवल.

नंतर मी तुकडा भिंगाखाली धरून बराच वेळ पाहिला. एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. शेवटी शेवटी मलाही खात्रीने सांगता येईना. तेव्हा अण्णाजी सरांच्या टाइपरायटरवर पुढीलप्रमाणे अर्ज केला.

प्रति,
मा. ग्रामसेवक,
ग्रामपंचायत, हिंगणी.

विषय: मृत्यूची नोंद एका दिवसाकरिता स्थगित करणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, आपल्या गावातील रहिवासी प्रेमदास, विद्यार्थी, बी.ए. भाग दोन, यांचे चित्रीकरण अर्जदाराच्या निष्काळजीपणामुळे नष्ट झाले असून, उर्वरित एका तुकड्यावर मातोश्रींची खात्री पटत नाही. वर्षश्राद्धापूर्वी पुनर्चित्रीकरण आवश्यक आहे. त्याकरिता सदर इसमाच्या मृत्यूची आपल्या दप्तरी असलेली नोंद एका दिवसाकरिता, सकाळी आठ ते सायंकाळी सहा या वेळेत, स्थगित ठेवून त्यांना बोर धरणाजवळ हजर राहण्याची परवानगी द्यावी. फिल्म, कॅमेरा व जेवणाची व्यवस्था अर्जदार करील. मातोश्री जागेवर उपस्थित राहतील व समक्ष ओळख पटवतील.

काम झाल्यावर नोंद पूर्ववत करण्यास अर्जदाराची हरकत नाही. मात्र त्यास थोडा उशीर झाल्यास सांभाळून घ्यावे, ही नम्र विनंती.