सोंड मागाहून

हैदराबादला काचीगुड्यात आमचं लग्नपत्रिकांचं दुकान आहे. पाटीवर नाव सासऱ्यांचं, आबासाहेबांचं; पत्रिका करते मी.

आमचा कॉम्प्युटर इतका मठ्ठ, की पत्रिकेवरचा गणपती सरकवला की आधी धड पोहोचायचं. सोंड चहाबिहा पिऊन मागाहून यायची. गिऱ्हाईक ताटकळायचं आणि मी देवाची माफी मागायचे.

"ग्राफिक्स कार्ड बसवू या," मी आबासाहेबांना म्हणाले. "चित्रं हलवायचं काम ते करतं, मशीनचा भार हलका होतो."

"कार्डं छापणाऱ्याला आणखी कार्ड कशाला?" असं म्हणत सासऱ्यांनी महिनाभर डोकं खाल्लं. शेवटी अट घातली: दसऱ्यापर्यंत फरक पडला नाही, तर कॉम्प्युटरच्या खुर्चीवर ते बसणार आणि मी गिऱ्हाइकांना नमुने दाखवणार. एका बोटानं टाइप करणारा माणूस! ती खुर्ची मी चार वर्षं भांडून मिळवली होती.

नामपल्लीच्या बबलूभाईंनी कार्ड बसवलं, मॉनिटरची वायर त्यात लावा म्हणाले आणि घाईत निघून गेले. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. "वायर मी लावतो," आबासाहेब म्हणाले, आणि मी मूर्खासारखी हो म्हणाले.

दसरा उद्यावर आला तरी सोंड मागेच. मी बबलूभाईंना बोलावलं. ते डब्यामागे वाकले आणि ओरडले, "भाभी, नवे कार्ड कू वायरच नई लगाए! परसों से खाली पंखा घुमारा उने!"

कार्ड नुसताच पंखा फिरवत बसलं होतं, आणि तेही दोन आठवडे. हैदराबादचा परसों तेवढा लांब जातो.

मी सासऱ्यांकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते.

"नवी वस्तू, म्हणून हळदकुंकू वाहिलं," ते म्हणाले. "पूजा केलेल्या वस्तूत वायर खुपसायची? जुन्याच भोकात लावली."

मला इतका राग आला की काय बोलले ते आठवत नाही. बबलूभाईंनी ब्रशनं कुंकू झाडलं, वायर लावली. मी गणपती सरकवला. सोंडेसकट सुळकन गेला!

"आता बोला!" मी म्हणाले.

"ऊठ जरा."

आबासाहेब बसले. गणपती डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. "काय पळतोय लबाड!" ते लहान मुलासारखे हसत होते. मलाही हसू आलं.

दसऱ्याला सकाळी दुकानात पोहोचले, तर ते आधीच खुर्चीत.

"प्रणिता," मान वर न करता ते म्हणाले, "गिऱ्हाइकांना नमुने दाखव."