काजळीची दुसरी परीक्षा

फॉर्मवर नाव नव्हतंच, नुसता क्रमांक होता, एकशे सव्वीस. पुढे वजन, दात, मागच्या उजव्या पायातला संधिवात, सात वर्षांची सेवा, आणि सगळ्यात खाली एक ओळ: 'निवृत्तीनंतर घरी देण्यास योग्य / अयोग्य.' या दोन शब्दांपैकी एक पशुवैद्यक मॅडम खोडणार होत्या. कुठला, या विचारानं हवालदाराचा जीव महिनाभर टांगणीला लागला होता.

एकशे सव्वीस म्हणजे काजळी. अंग गव्हाळ आणि तोंड मात्र कुणी तव्याच्या बुडाला घासून आणल्यासारखं काळं. सैन्याच्या श्वानपथकात सात वर्षं ती आणि हवालदार एकाच पट्ट्याच्या दोन टोकांना होते. दोघांची निवृत्तीही एकाच महिन्यात आली होती. हवालदाराला घरी जायला कुणाची परीक्षा लागणार नव्हती. काजळीला लागणार होती, आणि नापास झाली तर तिची रवानगी मागच्या रांगेत. तिथे सिमेंटच्या खोल्या, लोखंडी दारं, सकाळी अर्धा तास बाहेर, संध्याकाळी अर्धा तास. बाहेर काढायला माणूस मोकळा असला तर. नसला तर तेही नाही.

"नियम कुणी केला हा?" हवालदारानं कारकुनाला विचारलं होतं.

"वरून आलाय," कारकून म्हणाला. वरून म्हणजे कुठून, हे त्या कचेरीत कुणालाच ठाऊक नव्हतं. तिथून फक्त नियम यायचे.

परीक्षेचे तीन भाग होते. खाताना ताटली काढून घ्यायची, ती गुरगुरता कामा नये. तोंडासमोर फटकन छत्री उघडायची, ती बिथरता कामा नये. हे दोन्ही काजळी झोपेतसुद्धा करेल अशी होती. तिसऱ्या भागात एक अनोळखी माणूस येऊन हवालदाराला जोराचा धक्का देणार होता, आणि काजळीनं बसून राहायचं होतं.

इथेच हवालदाराच्या तळपायाची आग मस्तकात जायची. सात वर्षं तिला काय शिकवलं? माझ्या अंगावर कुणी आलं तर त्याला सोडू नकोस. पदकं त्याचीच मिळाली, साहेबांनी पाठ थोपटली ती त्याचीच. आता तीन आठवड्यांत शिकवा की मला मार पडत असताना तू आपली बसून राहा.

शिकवलं. दुसरा इलाज काय होता? मार द्यायला गादी होता. गादी म्हणजे पथकातला जाडजूड जवान. अंगभर जाड अस्तराचा पोशाख चढवून वर्षानुवर्षं कुत्र्यांचे चावे झेलणं हे त्याचं काम, म्हणून हे नाव. रोज दुपारी मैदानात गादी हवालदाराला ढकलायचा, हवालदार धुळीत पडायचा आणि पडल्या पडल्या ओरडायचा, "बस. बस. बस."

पहिले चार दिवस गादीचीच कंबख्ती होती. पाचव्या दिवशी काजळी अर्धी उठून थांबली. दहाव्या दिवशी बसून राहिली, पण सगळं अंग थरथरत होतं आणि घशातून बारीक कण्हणं चाललं होतं. अठराव्या दिवशी तिनं नवीनच युक्ती काढली. गादीनं हवालदाराची कॉलर धरली की ती तोंड दुसरीकडे फिरवायची आणि भिंतीकडे बघत बसायची. जमतंय म्हणून गादीनं टाळ्या वाजवल्या. हवालदाराला मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही. आपण या जनावराला काय करायला लावतोय, याची त्याला लाज वाटली.

परीक्षेच्या दिवशी ताटली झाली, छत्री झाली. मग फाटकातून एक उंच, सडपातळ माणूस फोनवर बोलल्याचं सोंग करत आला आणि जवळ येताच त्यानं हवालदाराच्या छातीवर दोन्ही हात असे मारले की त्याचा श्वासच अडकला. 'बस' म्हणायला तोंड उघडलं, आवाज फुटला नाही. पुढच्या क्षणी काजळी त्या माणसाच्या दंडाला लटकत होती. बाहीखाली अस्तर होतं म्हणून निभावलं.

हवालदारानं हाक मारताच तिनं दंड सोडला आणि येऊन त्याच्या डाव्या पायाशी बसली. काम फत्ते झालं की जशी बसायची तशी, कान ताठ, शाबासकीची वाट बघत.

मॅडमनी पेन काढलं.

"एवढा जोरात मारतात का?" हवालदार भडकला. "सरावात असा धक्का कुणी दिला नव्हता. परीक्षा तिची होती की माझ्या बरगड्यांची?"

मॅडम शांत बाई होत्या. हा तमाशा त्या दर महिन्याला बघत असणार. त्यांनी मोबाइल पुढे केला. "चित्रण आहे. तुम्हीच बघा."

हवालदारानं पाहिलं. धक्का बसला. काजळी उठली नाही. तिनं शिकवल्याप्रमाणे तोंड भिंतीकडे फिरवायला सुरुवातसुद्धा केली होती. आणि तेवढ्यात हवालदाराचा डावा हात खाली आला आणि पंजा उघडून मांडीवर आपटला.

त्यानं ते परत लावायला सांगितलं. मग तिसऱ्यांदा.

मांडीवर उघडा पंजा. जिथे तोंडातून आवाज काढायची सोय नसते तिथे द्यायचा तो आदेश: 'घे', म्हणजे धर त्याला. अंधाऱ्या जिन्यांवर, बंद दारांबाहेर, इतक्या वेळा दिलेला की तो हात आता हवालदाराला विचारत नव्हता. सरावात गादीच्या धक्क्याला तो हात काही फसला नव्हता. गादी आपला माणूस, हे त्याच्या हाताला माहीत होतं. या परक्याच्या धक्क्यानं श्वास अडकला आणि हात आपल्या कामाला लागला. तीन आठवडे हवालदारानं काजळीकडून सगळं विसरवून घेतलं. स्वतःकडून काही विसरवून घ्यायचं असतं, हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"मॅडम, तिची चूक नाही ही," तो म्हणाला. "तिला आदेश मिळाला, तिनं पाळला."

"मान्य आहे."

"मग योग्य लिहा."

"हवालदार, उद्या बाजारात कुणाचा चुकून धक्का लागला, तर हा हात कुठे जाणार?"

"मी खिशात घालून ठेवीन."

"जन्मभर?"

हवालदाराचा आवाज चढला. मॅडमनी तोही ऐकून घेतला. मग म्हणाल्या, त्याच माणसाबरोबर दुसरी परीक्षा घेता येत नाही. मात्र घरातल्या दुसऱ्या कुणाच्या नावानं अर्ज करता येतो, एकदाच.

घरात दुसरी होती फक्त ताई. ताईचं लग्न झालं नव्हतं आणि ह्याचं टिकलं नव्हतं, त्यामुळे दोघं भावंडं एकाच छपराखाली वर्षानुवर्षं एकमेकांच्या चुका काढत राहत होती. ताई टपाल कचेरीत खिडकीवर बसायची. कुत्र्यांशी तिचा संबंध एवढाच, की भावाच्या गणवेशावरचे केस ती रोज झटकायची आणि रोज त्याचा उद्धार करायची.

"मी?" ताई म्हणाली. "धाकट्या, तुला स्वतःची चप्पल सापडत नाही, तुझं कुत्रं मी सांभाळू?"

"सांभाळायचं नाही. फक्त पट्टा धरायचा. परीक्षेपुरतं."

"परीक्षेपुरतं म्हणून मी काही करत नाही. करायचं तर नीट करीन." तिनं चष्मा पुसून परत लावला. "तिला ठेवतात ती खोली केवढी असते?"

हवालदारानं हातांनी दाखवली. ताईनं फॉर्म ओढून घेतला आणि सही केली.

पथकाची एक जुनी रीत होती. पट्टा एका हातातून दुसऱ्या हातात गेला की जुन्या माणसानं पंधरा दिवस दिसायचं नाही. आवाज नाही, वाससुद्धा नाही. कुत्र्याला एक माणूस संपला हे कळल्याशिवाय दुसरा सुरू होत नाही. हवालदारानं स्वतः ही रीत कडक पाळून घेतली होती. झाडाआडून आपल्या कुत्र्याकडे डोकावणाऱ्या एका जवानाला त्यानं सगळ्यांसमोर असा झापला होता की तो बिचारा रडकुंडीला आला होता. आता पाळी त्याची. ताईच्या कपड्यांना घरात ह्याचा वास लागणार, म्हणून पंधरा दिवस त्यानं घरही सोडायचं ठरलं. पगारी नोकरीतून निघालेला माणूस आता घरातूनही निघाला आणि गादीच्या खोलीत एका खाटेवर जाऊन पडला.

गादी घोरायचा. पण खरा छळ संध्याकाळी सुरू व्हायचा. ताई खिडकी बंद करून थेट मैदानावर जायची आणि गादी, आपल्या कपड्यांना हवालदाराचा वास म्हणून लांबूनच बघून, परत येऊन तिकडचा वृत्तांत द्यायचा.

"तुझी ताई आदेश देतच नाही रे. नुसती बोलते. अखंड."

"काय बोलते?"

"काहीही. आज कचेरीत कोण भांडलं, कुणी पाकिटावर पत्ताच लिहिला नाही. आणि मध्येच म्हणते, 'तू बस गं, तुझी पाळी आली की सांगते.' आणि ती बसते."

"असं शिकवत नाहीत," हवालदार उठून बसला. "एक शब्द, एक अर्थ. एवढी बडबड केली तर तिला काय कळणार? उद्या जाऊन सांग तिला."

"मी नाही सांगणार. तूच सांग."

"मी सांगू शकत नाही ना." त्यानं उशी भिंतीवर फेकली. सात वर्षांची मेहनत टपाल कचेरीच्या गप्पांत विरघळत होती आणि त्याला हात चोळत बसण्यापलीकडे काही करता येत नव्हतं. "जेवते का नीट?"

पहिल्या दिवसांत गादी या प्रश्नाला नकारार्थी मान हलवायचा. चार दिवस काजळीनं ताटलीला तोंड लावलं नव्हतं, फाटकाकडे तोंड करून पडून होती. ते ऐकताना हवालदाराला वाईट वाटायचं. मात्र त्याच्या तळाशी कुठेतरी बरंही वाटायचं, आणि तसं वाटतं म्हणून तो स्वतःला शिव्या द्यायचा. पाचव्या दिवशी गादी म्हणाला, "आज जेवली." हवालदार म्हणाला, "छान." आणि कूस बदलून पडला.

दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी तो फाटकाबाहेर, वारा आतून बाहेर येतो त्या बाजूला उभा होता. भिंत उंच होती. आतलं काही दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं. तासाभरानं गादी धावत बाहेर आला. एवढं शरीर घेऊन तो धावला म्हणजे बातमी मोठीच असणार.

"पास," तो धापा टाकत म्हणाला. "अरे, त्या लंबूनं ताईला ढकललं. ताई दोन पावलं मागे गेली, चष्मा खाली पडला. काजळी उठली, मी डोळेच मिटले. आणि ताईनं काय करावं? त्या माणसाला म्हणते, 'अहो, रांग कुठे, तुम्ही कुठे?' आणि हिला म्हणते, 'तू बस, मी बघते ह्यांच्याकडे.' बसली. मॅडमसुद्धा हसल्या."

हवालदार हसला. खूप दिवसांनी पोटातून हसला आणि डोळे पुसले. योग्य. मागची रांग टळली. काजळी घरी येणार.

फाटक उघडलं. आधी मॅडम आल्या आणि कागद त्याच्या हातात न देता वाचून दाखवला. कुत्री ताईच्या नावावर. घराबाहेर पट्टा फक्त ताईच्या हातात. हवालदारानं मान डोलावली. काहीही लिहिलं असतं तरी त्यानं डोलावली असती.

मग ताई आली, एका हातात तडा गेलेला चष्मा, दुसऱ्या हातात पट्टा. काजळी तिच्या डाव्या पायाशी चालत होती.

तिला वास आला. ती जागच्या जागी थांबली, कान उभे राहिले, अंगावरून एक शहारा गेला. हवालदारानं श्वास रोखून धरला. आता झेप घेणार, आपण पडणार, पडू दे. पण काजळीनं त्याच्याकडे पाहिलं आणि मग मान वळवून वर ताईकडे पाहिलं. विचारत होती, जाऊ का?

ताईला ती नजर कळली नाही. "काय म्हणतेय ही?" तिनं भावाला विचारलं.

"परवानगी मागतेय," हवालदार म्हणाला. "माझ्याकडे यायची."

"तुझ्याकडे यायची? माझी?" ताईचा चेहरा पडला. "अरे, मग बोलाव ना तू."

"मी बोलवायचं नाही. तू सोडायचं."

ताईनं काजळीच्या डोक्यावर हात ठेवला. "जा बाई, भेट त्याला. किती वाट बघतोय बघ."

काजळी आली. सगळं तोंड त्याच्या कुशीत खुपसलं, शेपटीनं त्याच्या पोटऱ्या बडवल्या, कण्हली, त्याचे हात, बाही, कान चाटून काढले. हवालदार रस्त्यात गुडघ्यांवर बसून तिचं काळं तोंड दोन्ही हातांत धरून होता आणि काय बोलत होता ते त्याचं त्यालाच समजत नव्हतं. पंधरा दिवसांचा सगळा वैताग त्या मिनिटात वाहून गेला.

"चला," ताई म्हणाली. "ऊन आहे, तिच्या पायांना चटके बसतील."

ती काही आदेश म्हणून बोलली नव्हती. पण काजळीनं त्याच्या हातांतून तोंड सोडवून घेतलं, जाऊन ताईच्या डाव्या पायाशी उभी राहिली आणि चालू लागली. तिनं मागे वळून पाहिलं नाही. पट्टा बदलल्यावर मागे पाहायचं नसतं, हे हवालदारानंच तिला पहिल्या वर्षी, प्रशिक्षकाकडून तिचा पट्टा घेताना, शिकवलं होतं, आणि तिला शिकवलेलं ती कधी विसरत नसे.

"फारच छान तयार केलीस हं तू हिला," ताई पुढून म्हणाली.

"हो," हवालदार म्हणाला, आणि गुडघे झटकून त्या दोघींच्या मागून घरी निघाला.