डावीकडची दांडी

आन्सेल्मने डावा हात दांडीवर ठेवला आणि चटका बसावा तसा उचलला. मग स्वतःचंच हसू येऊन पुन्हा ठेवला. लोखंडच ते, चावतंय थोडंच!

'ग्राव्लो' या गस्ती जहाजाच्या पिछाडीला, जिथून लहान होडी घसरत पाण्यात सुटते त्या उताराच्या कडेला तो उभा होता. शेरबूरच्या धक्क्यावर जहाजाचा हा शेवटचा दिवस. पाच वाजता झेंडा उतरणार, आणि महिन्याभरात सगळं भंगारात. म्हणून जुन्या खलाशांना आणि गोदीतल्या म्हाताऱ्यांना आज बायकामुलांसकट वर सोडलं होतं. त्याची बायको ओदेत वरच्या डेकवर सफरचंदाच्या दारूचा पेला धरून गप्पा मारत होती. घरून निघतानाच तिने बजावलं होतं,

"कुणी भेटलं तर उजवा हात पुढे कर. तू डावा करतोस आणि समोरचा बिचारा गोंधळतो."

"पन्नास वर्षं तेच सांगतेस."

"आणि पन्नास वर्षं तू ऐकत नाहीस."

हा उतार आन्सेल्मने कागदावर आखला होता. पूर्वीच्या गस्ती जहाजांना थांबून, क्रेनने होडी खाली सोडावी लागे. तोवर चोरटा मच्छीमार जाळी कापून पसार. आन्सेल्मने पिछाडीच उघडी केली आणि चालत्या जहाजातून दोन मिनिटांत होडी सुटेल असा उतार दिला. गोदीत त्याचा केवढा बोलबाला झाला तेव्हा! फक्त उताराच्या कडेची पायवाट अरुंद होती, तिला एकच दांडी बसणार होती, आणि ती त्याने पाण्याकडे उतरणाऱ्याच्या डावीकडे काढली. डावखुऱ्या माणसाला आधार डावीकडेच सुचतो, दुसरं काय? पोलाद कापून झाल्यावर चूक त्याच्या लक्षात आली. तो गप्प बसला.

जहाज दर्यावर गेल्यावर दोनच वर्षांत एका खलाशाची दोन बोटं या उतारावर गेली. चौकशीच्या कागदात लिहून आलं, की उजव्या हाताला आधार नव्हता म्हणून तोल गेला, दोष आरेखनाचा. नाव कुणी घेतलं नाही, पण आन्सेल्म स्वतःच साहेबांकडे गेला आणि बदली मागून घेतली. त्यानंतर निवृत्तीपर्यंत त्याने जहाजांच्या सांडपाण्याचे नळ काढले. 'ग्राव्लो' घराच्या खिडकीतून जाता-येता दिसायचं. कधी अडकलेली शिडाची नाव ओढून आणायचं, कधी खाडीत बुडणारी माणसं घेऊन यायचं. तो पडदा ओढून घ्यायचा. आज मात्र राहवलं नाही. खरंच दांडीनेच घात केला का, हे उद्यापासून विचारायला दांडीही उरणार नव्हती.

"जपून काका! डावीकडचीच धरा. ती उजवीकडची नुसती शोभेची आहे."

मागून पन्नाशीचा एक गडी उतरत होता. छातीवर लावलेल्या चिठ्ठीवर नाव होतं, एर्वान त्रोआदेक. त्याने डाव्या हाताने दांडी पकडली, तेव्हा आन्सेल्मला दिसलं. तीनच बोटं.

आन्सेल्मने नजर काढून घेतली. काहीतरी बोलायचं म्हणून त्याने उजवीकडे पाहिलं. अपघातानंतर वाट रुंद करून तिथे दुसरी दांडी बसवली होती. तिचा राखाडी रंग अजून शाबूत होता. डावीकडची मात्र घासून घासून आरशासारखी लखलखत होती.

"नवी कुणी धरलीच नाही वाटतं?"

"कशाला धरतील? उजवा हात होडीच्या दोराला लागतो ना. डाव्याने दांडी, उजव्याने दोर. ज्याने ही काढली, तो पक्का दर्यावर्दी असणार बघा."

आन्सेल्मला धक्क्याला बांधलेल्या जहाजातही बोट लागायची.

"मग हे?" त्याने त्या हाताकडे मान वळवली.

"हे होय? माझा मूर्खपणा." त्रोआदेक दांडीला टेकला. "लग्नाला आठ दिवस झाले होते. उतारावर अंगठी घालायची नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण मी बायकोला शब्द दिलेला, काढणार नाही म्हणून. होडी सुटली, अंगठी तिच्या आकड्यात अडकली. पुढचं सांगत नाही, तुम्हाला जेवायचं असेल."

"पण चौकशीत तर दांडीचं नाव..."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"गाव लहान आहे."

"तुम्ही इथले नॉर्मन लोक! सरळ उत्तर द्याल तर शपथ." तो हसला, मग आवाज खाली आणला. "आमच्या तांडेलाने अंगठी दर्यात फेकली. म्हणाला, अंगठीचं कळलं तर तुझा दर्या सुटला. दांडीवर ढकल, दांडी काही उलट बोलत नाही."

"आणि ज्याने ती काढली, तो?"

"असेल कुणी कार्यालयातला साहेब. साहेबाचं काय वाकडं होतंय?"

आन्सेल्मच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोवीस वर्षं! चोवीस वर्षं हा दोष उरावर, त्यापायी निवृत्तीपर्यंत सांडपाण्याचे नळ, आणि हा खुशाल हसतोय. सांगून टाकावं तोंडावर, असं ओठांपर्यंत आलं. तेवढ्यात वर शिट्टी वाजली आणि त्रोआदेकने त्याला कोपराला धरून, सांभाळून वर नेलं.

झेंडा उतरला. डोलकाठीच्या टोकावरची लांब, चिंचोळी पताकाही खाली आली. या जहाजाच्या रिवाजाप्रमाणे कप्तानबाई कात्रीने तिचे तुकडे करून, नाव पुकारून एकेकाला देऊ लागल्या. त्रोआदेकने आपला तुकडा घेतला, चुंबला आणि खिशात ठेवला. त्याचे डोळे भरले होते. अपघात झाला तेव्हा तो पंचवीस-सव्वीसचा असणार, आन्सेल्मच्या मनात आलं. आणि पोलाद कापलं गेलं तेव्हा, चांगला पन्नाशीला टेकलेला असून, आपण तरी कुठे तोंड उघडलं?

"आणि शेवटचा तुकडा," बाई म्हणाल्या, "ज्यांनी हा उतार आखला, ते मस्यू आन्सेल्म वोतिए."

टाळ्या पडल्या. आन्सेल्म तुकडा घेऊन वळला. टाळ्या न वाजवणारा एकच माणूस होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. गर्दी पांगेपर्यंत तो जागचा हलला नाही. मग समोर येऊन उभा राहिला.

"काका, मला... मला ठाऊक नव्हतं."

"पुन्हा काढली तुम्ही जहाजं? नंतर?" त्रोआदेकनेच पुढे विचारलं.

आन्सेल्मने मान हलवली. नाही.

त्रोआदेकने डावा हात पाठीमागे नेला. ओदेत पेला घेऊन जवळ आली होती. नवऱ्याने हात पुढे केलेला पाहून ती पुटपुटली, "उजवा, आन्सेल्म, उजवा."

आन्सेल्मने डावाच पुढे केला होता आणि तसाच धरून ठेवला. शेवटी त्रोआदेकने पाठीमागचा हात पुढे आणला आणि त्याच्या हातात दिला. तीन बोटं, खरखरीत, घामेजलेली. आन्सेल्मने ती लगेच सोडली नाहीत.