एक हात जागा

"हलू नकोस रे! कर गाल पुढं," असं म्हणत रूबेननं विटेची भुकटी थुंकीत कालवली आणि धाकट्या भावाच्या गालांवर चोळली. वीट दिली होती जहाजाची जमीन घासायला; तिचा असाही उपयोग.

"दादा, नवरी दिसतोय का मी?" एमस हसला आणि हसता हसता खोकला.

"तोंड दाब मेल्या! डॉक्टरनं ऐकलं की संपलंच."

पोर्ट्समथच्या बंदरातल्या त्या शिडं उतरवलेल्या, कुजक्या जहाजावर टकेट भाऊ दोन महिने बेड्या घालून सडत होते. गुन्हा काय, तर मळणीयंत्र फोडलं. यंत्र आलं, हिवाळ्यातलं झोडपणीचं काम गेलं, तशी अख्ख्या गावानं घण उचलले. सापडले मात्र हे दोघेच. सात वर्षं काळं पाणी, समुद्रापलीकडच्या वसाहतीत. आईनं रूबेनचा दंड धरून एवढंच सांगितलं होतं, "त्याला एकटं सोडू नकोस."

आज तिकडं नेणाऱ्या जहाजावर चढवण्याआधीची तपासणी होती. त्या जहाजाचा डॉक्टर हॅडली रांगेपुढे उभा राहिला.

"कुणाला ताप, खोकला असेल तर आत्ताच सांगा. इथल्या इस्पितळात ठेवीन, बरा झाला की पुढच्या जहाजानं पाठवीन. शब्द देतो."

कुणी हूं की चूं केलं नाही. इस्पितळ म्हणजे शेजारी नांगरलेलं दुसरं कुजकं जहाज. तिथून परत आलेला माणूस कुणी पाहिला नव्हता. साहेबाच्या शब्दावर भरवसा ठेवायचे दिवस तर न्यायालयातच संपले होते. जीव जात असला तरी 'ठणठणीत' म्हणायचं, हाच तिथला रिवाज.

"खोकला?" डॉक्टरनं एमसला विचारलं.

एमसनं श्वास कोंडून नकारार्थी मान हलवली. रूबेनच मध्ये पडला, "घोड्यासारखा आहे, साहेब."

डॉक्टर त्या लाल गालांकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिला, मग पुढं सरकला.

मागून स्ट्राउड म्हातारा, मेंढीचोर, कुजबुजला, "लेका, वाचवलंस का बुडवलंस त्याला?"

"जीभ आवर तुझी!" रूबेन खेकसला.

नव्या जहाजावर एकेका फळीवर चौघं, माणशी एक हात जागा. एकानं कूस बदलायची तर चौघांनीही बदलायची. दोघं भाऊ मध्ये, एका कडेला स्ट्राउड, दुसऱ्या कडेला एक लोहार. हाक द्यायचं काम रूबेनकडे, "वळा!"

तिसऱ्या आठवड्यात एमस उशिरा वळू लागला. सातव्यात रूबेनच त्याला धरून वळवू लागला. उकाड्यानं डोक्यावरच्या फटींतलं डांबर टपटप गळत होतं. एमसचे गाल लालभडक झाले होते. आता विटेची गरज नव्हती.

"दादा, तिकडं मेंढ्या आहेत म्हणे."

"आहेत की. तुलाच राखायच्यात. गप पड."

डॉक्टर खाली आला, छातीला कान लावून बसला. "कधीपासून खोकतोय हा?"

खोकला जहाजावरच लागला म्हणायला काय जात होतं? पण रूबेनला ते जमेना. "पोर्ट्समथपासून, साहेब. गाल मीच रंगवले होते."

डॉक्टरनं एमसच्या सदऱ्याची गुंडी लावली. मग हळूच म्हणाला, "मी खरंच ठेवून घेतलं असतं रे त्याला."

दुसऱ्या दिवशी सकाळी एमसला शिडाच्या कापडात शिवून समुद्राला दिलं.

दुपारी वादळ उठलं. खाली उतरायच्या वाटांवर झाकणं ठोकून सगळ्यांना खाली कोंडलं. फळीवर आता ऐसपैस झालं होतं.

"सरक की जरा, पाठ टेक नीट," स्ट्राउड मायेनं म्हणाला.

रूबेन आपल्या एक हातातच अंग आखडून पडून राहिला. थोड्या वेळानं त्यानं हाक दिली, "वळा!"

गरज कुणालाच नव्हती. लोहारानं एक शिवी हासडली. तरी तिघंही वळले, मधली एक हात जागा तशीच मोकळी ठेवून.