नाटकाआधीचं पाणी

मित्रांनो, नाक मुरडू नका. मी एक जुना पाणीगाडा आहे. आता माझी टाकी गंजली आहे, एक चाक मोडलं आहे आणि पोटात चिमण्यांनी घरटं केलं आहे. पण मध्यप्रांताच्या काळात जबलपुरात माझा काय रुबाब होता, ते ऐका तरी!

माझी चाकं कुंडमकडच्या जंगलातल्या लाकडाची. टाकी लोखंडी आणि मागे भोकाभोकांची आडवी नळी. शहराचा कारभार पाहणाऱ्या कमेटीनं मला रस्त्यांवरची धूळ बसवायला आणलं. बैल हाकायचा नथ्थू. वऱ्हाडातून आलेला, तोंडानं फटकळ. पण माझ्या आसाला तेल घातल्याशिवाय स्वतः भाकर खात नसे.

वर्षभर रस्तेच रस्ते. माझी खरी मजा रामनवमीला. गावातली मराठी मंडळी मैदानात संगीत नाटक करायची. चैत्रातलं ते मैदान म्हणजे नुसता फुफाटा! म्हणून कमेटीनं ठरवूनच टाकलं होतं, की त्या दिवशी दुपारपासून गाडा नाटकाचा. बाकी मदत म्हणाल तर काही नाही. तेवढं पाणी मात्र दरसाल यायचं.

नायिकेचं काम शालिग्राम मास्तर करायचे. त्यांचा गळा गोड, पण फार नाजूक. धूळ गेली की बसलाच. नाटकासाठी मिशी काढलेली, म्हणून ओठ झाकत ते संध्याकाळी मैदानावर यायचे.

"नथ्थू, स्टेजसमोर अजून एक फेरी मार रे भाऊ."

"मारून राहिलो ना मास्तर! तुम्ही गळा सांभाळा, मी मैदान सांभाळतो."

पहिला नारळ माझ्या चाकाशी फुटायचा, मगच पडदा वर जायचा. शहपुऱ्याहून बैलगाड्या यायच्या. मराठी न कळणारे शेजारीसुद्धा "वाह भैया, वाह!" म्हणत बसायचे. मी कडेला उभा राहून ऐकायचो. खोटं कशाला सांगू, मला फार अभिमान वाटायचा.

मग कमेटीत चिंतामणराव नावाचे नवे मेंबर आले. माणूस वाईट नव्हता, पण फार काटेकोर. ते म्हणाले, "पाणी रस्त्यांचं आहे. नाटकवाल्यांनी आपलं आपण बघावं." बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्या रामनवमीला मला कुलपात ठेवलं. नथ्थूनं हात जोडले, "साहेब, मास्तरांचा गळा जाईल ना हो!" साहेब नुसते हसले.

पुढचं मला नथ्थूनं सांगितलं, दुसऱ्या दिवशी माझ्या चाकाशी बसून, रडत रडत. मंडळींनी घागरींनी पाणी आणलं. एवढ्या मैदानाला घागरी कशा पुरणार? माणसं आली, गाड्या आल्या, धुळीचे लोट उठले. दुसऱ्या अंकात मास्तरांना खोकल्याची उबळ आली. थांबले असते तर कदाचित निभावलं असतं. पण समोर एवढी माणसं बसलेली, म्हणून ते रेटून गात राहिले आणि वरच्या सुरावर त्यांचा आवाज फाटला.

तो आवाज पुन्हा आला नाही हो. गाणारा गळाच गेला, तसं नाटकही बंद पडलं. मैदानात रस्त्याच्या खडीचे ढीग पडले. दर रामनवमीला मी त्या ढिगांवरून नजर फिरवायचो आणि मला रडू यायचं.

बरीच वर्षं गेली. कमेटीला वाटलं, शहरात कलेसाठी एक भवन हवं. जागा तीच. चिंतामणराव आता अध्यक्ष झाले होते. पायाभरणीला मोठे पाहुणे येणार, त्यांच्या कपड्यांवर धूळ उडायला नको, म्हणून मला बाहेर काढलं. नथ्थूचे केस पांढरे झाले होते. आम्ही फेऱ्या मारल्या. कला म्हणजे शहराचा प्राण, अशी भाषणं झाली. नारळ दगडावर फुटला.

लोक पांगल्यावर नथ्थू उरलेलं पाणी शिंपडत होता, तेव्हा मागच्या रांगेतून एक म्हातारा उठून आला आणि त्यानं माझ्या टाकीवर हात ठेवला. आवाज इतका घोगरा, की मी ओळखलंच नाही. नथ्थूनं ओळखलं.

"नथ्थू, आता काहून शिंपडून राहिला रे? गाणारं कोण उरलं?"

नथ्थूनं खाली मान घालून नळी बंद केली.

मित्रांनो, मला रंग लावू नका, हार घालू नका. तुमच्या गावात कुणी गात असेल, मूर्ती घडवत असेल, ढोल वाजवत असेल, तर त्याला काय हवं ते वेळेवर विचारा. फार नसतं मागत ती माणसं. आमच्या मास्तरांनी काय मागितलं होतं? स्टेजसमोर अजून एक फेरी.