वरची खोली

"खिडकी मोठी की लहान, ते एकदाच काय ते सांगून टाका," ठेकेदार वैतागून म्हणाला. "मागच्या महिन्यात तुम्ही म्हणालात मोठी. आता ताई म्हणतायत लहान. हे घर आहे का दोन पक्षांचं सरकार?"

लिफ्टवाल्याने नुसतीच मान खाजवली. शहरातल्या उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती, म्हणून सगळे त्याला लिफ्टवालाच म्हणत. त्याची बायको विटांच्या थप्पीवर बसली होती. रात्रपाळी संपवून ती रुग्णालयातून थेट इकडेच आली होती. अंगावर नर्सचे पांढरे कपडे तसेच होते.

"लहान," ती म्हणाली. "माझा महिना आहे."

ठेकेदाराने आशेने लिफ्टवाल्याकडे पाहिलं.

"तिचा महिना आहे," लिफ्टवाला म्हणाला, आणि विषय मिटला.

ही भानगड लग्नाच्या पहिल्या वर्षापासूनची होती. तेव्हा त्याने हौसेने एक भलंमोठं कपाट विकत घेतलं होतं. ते भाड्याच्या खोलीच्या दारातून आत गेलंच नाही. चार महिने कपाट जिन्यात उभं होतं आणि नवराबायको एकमेकांशी बोलत नव्हती. शेवटी तिने तोडगा काढला. घरखर्चाचं पाकीट एक महिना त्याच्याकडे आणि एक महिना तिच्याकडे. ज्याच्याकडे पाकीट, त्याचा शब्द शेवटचा. दुसऱ्याने ब्र काढायचा नाही. त्याच्या महिन्यात घरात पंखा येई, फिरायला जाणं होई. तिच्या महिन्यात साबणाचे उरलेले तुकडेही एकत्र चिकटवले जात. या एका नियमावर त्यांचा संसार कुरबुर न करता चालला होता, मुलगी शिकली होती, आणि गावाबाहेरचा हा जमिनीचा तुकडाही घेऊन झाला होता.

पण घर काही एका महिन्यात बांधून होत नाही. त्याच्या महिन्यात ते फुगायचं, तिच्या महिन्यात आक्रसायचं.

बाकी काहीही आक्रसलं तरी त्याची हरकत नव्हती. त्याचा जीव अडकला होता तो वरच्या खोलीत. रात्रपाळीचा भत्ता मिळतो म्हणून बायकोने वर्षानुवर्षं रात्रपाळ्याच मागून घेतल्या होत्या. तो कामावर निघायचा तेव्हा ती घरी यायची. त्यांचा पलंग कधी गार म्हणून पडला नाही. हा उठला की ती आडवी व्हायची. आणि त्या भाड्याच्या खोलीखाली ग्रिल बनवणाऱ्याचं दुकान! दिवसभर लोखंडावर घाव. ती खिडकीला चादर लावायची, कानात कापूस घालायची, तरी सुट्टीच्या दिवशी तो बघायचा तर ही छताकडे डोळे लावून पडलेली. त्याला फार वाईट वाटायचं. तेव्हाच त्याने मनाशी ठरवलं होतं, की घर बांधलं तर वर एक खोली हिच्यासाठी. जाड भिंती, अंधार, आणि कुणी दार वाजवलं तर त्याची खैर नाही.

बँकेतल्या बाईंनी या सोमवारी दोघांना समोर बसवून कर्जाचा हिशेब मांडला होता.

"पगारावर खालचं घर बसतंय. वरची खोलीही हवी असेल, तर ताईंचा रात्रपाळीचा भत्ता उत्पन्नात धरावा लागेल. धरू का?"

"धरा की!" लिफ्टवाला म्हणाला.

महिना कुणाचा, हे तो आनंदात साफ विसरला होता. बायकोने फक्त त्याच्याकडे पाहिलं. "दोन दिवसांत कळवते," ती बाईंना म्हणाली. ही खोलीवर काट मारणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

मग त्याने नको तो शहाणपणा केला. पुढचा महिना त्याचा होता. तोवर निर्णय लांबला की काम फत्ते. त्याने ठेकेदाराला फोन केला.

"चार दिवस आजारी पडा की जरा."

"मी आजारी पडलो तर गवंडी दुसऱ्या कामावर पळतील. आणि तुम्हाला काय झालंय?"

"काही नाही. जिना धरायचा की नाही, ते एक तारखेनंतर विचारा, बस."

ठेकेदाराच्या पोटात काही राहत नाही, हे त्याच्या लक्षात यायला हवं होतं.

"खिडकीचं झालं, आता जिन्याचं बोला," ठेकेदार म्हणाला. "ताई, यांनी मला आजारी पडायला सांगितलंय. पण माझी तब्येत ठणठणीत आहे."

लिफ्टवाला आकाशात बघू लागला. बायको हसेल किंवा भडकेल असं त्याला वाटलं होतं. ती थप्पीवरून उठली आणि त्याला बाजूला, मागच्या खोलीत घेऊन गेली. खोली म्हणजे चार भिंती, वर स्लॅब, आणि चौकट न बसवलेलं खिडकीचं भोक.

"जिना नको," ती म्हणाली.

"अगं, एवढी एक गोष्ट ऐक माझी. बाकी सगळं तुझ्या मनासारखं कर. मोरीला फरशी नको तर नको. पण ती खोली तुझी आहे. निवांत झोपशील."

"कधी?"

"कधी म्हणजे? दिवसा."

"अहो, भत्ता धरला म्हणजे कर्ज फिटेपर्यंत मी रात्रपाळीच करायची. म्हणजे दिवसा झोपायची खोली बांधायची, आणि तिचे हप्ते भरायला रात्रभर जागायचं. तुम्हाला हे दिसलं नाही?"

त्याला खरंच दिसलं नव्हतं. त्याला फक्त चादर लावलेली ती खिडकी दिसत होती.

"मी मोठ्या सिस्टरांशी बोलले," ती म्हणाली. "घर झालं की दिवसपाळी. भत्ता जाईल, म्हणूनच खिडक्या लहान करत सुटलेय. मला वर नाही झोपायचं हो. मला इथे झोपायचंय. रात्री. तुम्ही घोरता म्हणे, मुलगी सांगते. मला कुठे माहीत आहे?"

इतकी वर्षं आपण हिच्यासाठी एकटीची खोली बांधत होतो, आणि ही दोघांची. त्याने तिच्या खांद्यावरची सिमेंटची धूळ उगीचच झटकली.

"घोरतो थोडा," तो म्हणाला.

"बघू ना."

ठेकेदाराला जिना नको म्हणून सांगायला तो बाहेर गेला. पाणी कधी मारायचं, वाळू कधी येणार, अशा दोनचार गोष्टी झाल्या. परत येऊन पाहतो तर बायको रिकाम्या पोत्यांवर भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपली होती. तोंड किंचित उघडं, पर्स पोटाशी धरलेली. पलीकडे गवंडी विटा फोडत होता, कुणीतरी सळई कापत होतं.

तो पळतच बाहेर आला. "थांबवा. सगळं थांबवा."

"काय झालं?" ठेकेदार दचकला.

"ती झोपलीय."

"अहो, माणसं रोजावर आहेत. बसून राहिली तरी मजुरी चालूच. कुणी द्यायची?"

"माझ्या महिन्यात लावा."

"ताईंना विचारलंत?"

"हळू बोला हो."

गवंड्याने थापी खाली ठेवली. माणसं चहाला गेली. लिफ्टवाला मागच्या खोलीपाशी परत आला. ऊन आता फिरलं होतं आणि खिडकीच्या भोकातून नेमकं तिच्या चेहऱ्यावर येत होतं. तिच्या पापण्या चाळवल्या. लावायला चादर नव्हती. तो भिंतीला वळसा घालून बाहेरच्या बाजूने गेला आणि खिडकीला पाठ लावून उन्हात उभा राहिला.

खिडकी लहान होती. तो तिला पुरला.