दारातला ‘हा’

व्यसनमुक्ती केंद्रातून नवरा घरी आला तेव्हा मी एकच अट घातली: कामावरून आलास की दारातच माझ्या तोंडावर ‘हा’ करायचा. दारूचा वास नसेल तरच आत.

केंद्रातल्या समुपदेशक बाई म्हणाल्या, “थोडा विश्वास ठेवा.” मी म्हटलं, “फसवणूक माझी झालीय, घाई तुम्ही करू नका.”

तो बिचारा रोज ‘हा’ करायचा.

काल मी दाराजवळ मशीनवर शिवत होते आणि दोरा सारखा तुटत होता. तेवढ्यात तो कामावरून आला आणि समोर तोंड उघडून उभा राहिला. मी वैतागले, “नुसता उभा काय राहतोस? सुईत दोरा ओवून दे!”

ज्या हातांत पाण्याचा पेला हिंदकळायचा, त्या हातांनी पहिल्या फटक्यात दोरा ओवला. मग तो आतल्या खोलीकडे बघून ओरडला, “आई, आज हिनं मला हुंगलंच नाही!”